ओढ्याजोगी काठी

‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार आम्ही मराठीचे मास्तर वर्गात सहज समजावून देतो; पण गळ पाण्यात जातो कसा, हे आम्हाला कोण विचारणार? नेहमीच्या गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन असते. त्यामागून दोरी जाते. ट्राउट माशासाठी मात्र पिसांची खोटी माशी बांधतात. तिला वजन असे नाहीच. इथे जड असते ती दोरी. तीच माशीला वाहून नेते. म्हणून आधी दोरी ठरवावी, मग काठी.

माझ्या भाच्याला पहिल्या पगारातून अशी काठी घ्यायची आहे. जायचे आहे हिमाचलात, तीर्थन नदीला मिळणाऱ्या लहान ओढ्यांवर. दुकानदाराने दाखवली नऊ फुटी, ताठ आणि महागडी. ताई म्हणाली, “मासा धरून परत सोडायचा, त्यासाठी एवढे पैसे?”

मी भाच्याला म्हटले, “बाबा रे, ओवीला शार्दूलविक्रीडिताचा डौल कशाला?” ओढ्यावर फांद्या डोक्याशी येतात, तिथे साडेसहा-सात फूट पुरे. शिवाय दोरीचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो. तीन नंबर म्हणजे १०० ग्रेन, सुमारे साडेसहा ग्रॅम. ओढ्यावर बाहेर असते जेमतेम १५ फूट दोरी. एवढ्याशा वजनाने ताठ काठी वाकतच नाही, आणि वाकल्याशिवाय ती फेकणार काय? काचतंतूची काठी मऊ असते, आणि उंची कार्बन किंवा बांबूपेक्षा सहसा स्वस्तही.

“मग सर्वांत नाजूक, एक नंबरचीच घेतो,” तो म्हणाला.

इथे मात्र मी त्याला अडवले. फार नाजूक काठीने मासा लवकर काठाशी येत नाही. झुंजून तो इतका थकतो, की सोडला तरी जगेलच असे नाही. त्यातून ट्राउट थंड पाण्याचा जीव. पाणी २० अंशांवर गेले की आधीच कासावीस. तेव्हा तीन किंवा चार नंबर, आणि गळ उलट्या दाताविना. मासा जिवंत परत जायचा असेल, तर त्याची सोय दुकानातच करावी लागते.

हे ऐकून ताईने पैशांची गोष्ट पुन्हा काढली नाही.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. पुढेही परवाना लागतोच. तोवर भाच्याने गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून गच्चीवर हात बसवावा. वाळत घातलेली लुगडी तेवढी सांभाळावीत!