खलनायक मेला, व्यवस्थेचं काय?

‘जीटीए : सॅन अँड्रियास’ (२००४) आणि ‘माफिया ३’ (२०१६) या दोन्ही गेममध्ये वर्णभेद आहे. पण तो राहतो कुठे?

सॅन अँड्रियासमध्ये तो टेनपेनी या भ्रष्ट पोलिसाभोवती फिरतो. न्यायालय त्याला सोडतं, १९९२ च्या लॉस एंजेलिससारखी दंगल पेटते. तो मरतो आणि शहर शांत होतं. जणू माणूस गेला, प्रश्न मिटला!

‘माफिया ३’ मध्ये १९६८ सालचं शहर आहे. लिंकन क्ले ‘फक्त गोऱ्यांच्या’ दुकानात नुसता शिरला, तरी पोलिसांची धमकी मिळते. श्रीमंत वस्तीत पोलीस धावत येतात, काळ्यांच्या वस्तीत रेंगाळतात.

त्यातल्या त्याच त्या मोहिमा कंटाळवाण्या आहेत, हे मान्य. तरीही कथा तीच खरी. मित्रांनो, खलनायक शेवटच्या मोहिमेत मरतो. व्यवस्था मरत नाही. ती आधी ओळखावी लागते.