बॉयलरला प्रमाणपत्र, शाळेला शिफारस

रोह्याशेजारच्या धाटावचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस तेथील औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. ही वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. अशा कारखान्यात वाफेचा बॉयलर बसवावयाचा झाल्यास त्याची नोंदणी करावी लागते, तो निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो, आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की तो चालविता येत नाही. १९२३ च्या कायद्याने घालून दिलेली ही शिस्त २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्यानेही मोडलेली नाही. मालकाची सदिच्छा कितपत आहे, ह्याची चौकशी निरीक्षक करीत बसत नाही. पण वसाहतीच्या कुंपणापलीकडे त्याच तालुक्यातील एखादे मूल चाकांच्या खुर्चीवरून किंवा पांढरी काठी टेकीत शाळेच्या दाराशी येते, तेव्हा सारा कारभार सदिच्छेवर येऊन ठेपतो. मुख्याध्यापक भला असला तर उतरती वाट होते. नसला तर पायऱ्या राहतात. पायऱ्या आहेत म्हणून शाळेला टाळे लागल्याचे कोणी ऐकले आहे काय?

हे दुखणे एकट्या रोह्याचे नाही, देशाचे आहे. सुगम्यतेच्या प्रश्नावर राजीव रतुरी ह्यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके ह्यावरच बोट ठेवले. सुगम्यतेची मानके नियमांनी ठरवावीत, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे चाळिसावे कलम सांगते. २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने त्या जागी शिफारसवजा सूचनांची जंत्री जोडून दिली. न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि ज्यांतून सुटका नाही अशी किमान मानके तीन महिन्यांत वेगळी काढावीत, असा आदेश केंद्र सरकारास दिला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे ह्याच कायद्यात आहे. ती मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. मधल्या काळात आपण ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ शब्द घेतला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही.

महाराष्ट्रास ह्या कामाची परंपरा नाही असे कोण म्हणेल? कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत १८८५ मध्ये निघाली. ॲना मिलार्डबाईंनी अंध मुलांची शाळा १९०० मध्ये काढली. ह्या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या शहरांत होत्या, आणि कुलाबा जिल्ह्यातील आईबापांपुढे त्यामुळे दोनच वाटा उरत : मूल सहा-सात वर्षांचे असताना त्याला घरापासून दूर वसतिगृहात ठेवावयाचे, किंवा ओसरीवर बसवून ठेवावयाचे. २०१६ च्या कायद्याचे एकतिसावे कलम ह्या ठिकाणी क्रांतिकारक आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलास शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क त्याने दिला. निवड मुलाची आहे, शाळेची नाही. विशेष शाळा नकोत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शेजारची शाळा बंद आहे म्हणून तेथे जावे लागू नये, एवढेच म्हणतो.

आम्ही स्वतः काही वर्षे शिक्षकाच्या खुर्चीवर बसलो आहो. मागच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचे कधीच उतरवून घेत नसे. त्याला आम्ही आळशी ठरविले, वर्गाबाहेर उभे केले, आणि बापास बोलावून चार गोष्टी सुनावल्या. त्याला फळा दिसत नव्हता, हे आम्हांस वर्षाच्या शेवटी कळले. पहिल्या बाकावर बसवून आणि मजकूर मोठ्याने वाचून त्याचे काम भागले असते. त्या वर्गात खरी उणीव त्याच्या डोळ्यांत होती की आमच्या, ह्याचा निवाडा आम्ही आजही स्वतःच्या बाजूने करू शकत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे, आणि येथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे स्क्रीन रीडर आता साध्या मोबाइलमध्येही असतात. संगणकासाठी ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली आणि जेम्स तेह ह्या दुसऱ्या दृष्टिहीन तरुणाच्या साहाय्याने वाढविलेली ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिला मराठी उच्चारही येतात. म्हणजे यंत्र आहे, वाणी आहे. नाही ते वाचण्याजोगे मराठी. आपल्याकडे संगणकावर मराठी आली ती निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फाँटांतून. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या दप्तरी त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह नोंदलेले असते. स्क्रीन रीडर ते दप्तर वाचतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक खडखडाट पडतो. छापील पानाचे नुसते छायाचित्र काढून चढविलेले असेल तर तो खडखडाटही नाही, शांतता. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले १९९१ मध्ये. त्यानंतर इतकी वर्षे लोटूनही जे पुस्तक, जे परिपत्रक, जी प्रश्नपत्रिका जुन्या फाँटात किंवा चित्ररूपात निघते, ती दृष्टिहीन मुलापुरती न छापल्यासारखीच होय. ह्याला पैसा लागत नाही. टंकलेखकास एक सवय लागते आणि वरिष्ठास ती लावण्याची इच्छा लागते. डिजिटल सुविधांची उपलब्धता हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आहे. तो खटला बँकांच्या ओळख-पडताळणीचा होता, पण पाठ्यपुस्तक बँकखात्याहून कमी निकडीचे कसे मानावे?

यंत्राने शिक्षकाचे काम मात्र होत नाही. प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्राने ठरविले, आणि त्यानुसार पदे मंजूर करण्यास न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना बजावले. कर्णबधिर मुलाला ह्याची गरज सर्वांत अधिक. त्याच्यापुढे हातांनी बोलणारा कोणी उभा राहिल्यावाचून उत्तमोत्तम यंत्रही मुकेच.

आता पुन्हा धाटावकडे. पाच कोटींहून अधिक निव्वळ नफा मिळविणाऱ्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असा नियम २०१४ पासून आहे, आणि त्याच्या यादीत विशेष शिक्षण नावानिशी आहे. ह्या वसाहतीत ज्यांचे कारखाने आहेत अशा पात्र कंपन्यांनी रोहा तालुक्यातील शाळांना उतरत्या वाटा, वापरता येतील अशी स्वच्छतागृहे आणि एकेक बोलका संगणक देण्याचे ठरविले, तर त्यांच्या ताळेबंदास त्याचा धक्काही जाणवणार नाही. मात्र हे दान समजू नये, आणि शासनाने ते आपल्या जबाबदारीच्या बदली समजू नये. पंचायत समितीने तालुक्यातील प्रत्येक शाळेचे नाव, तिची उतरती वाट, तिचे स्वच्छतागृह, तेथे येणारा विशेष शिक्षक आणि त्याचा वार, अशी यादी दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या दारावर लावावी. अपंग मुलांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करण्यास कायद्याने सांगितलेच आहे. महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींचा आकडा आपण अद्याप वापरतो तो २०११ च्या जनगणनेचा, आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकार मोजले होते आठ. २०१६ चा कायदा एकवीस मानतो.

शाळा संपवून ह्यांतील कोणी पुढे त्याच कारखान्यांच्या फाटकाशी नोकरीचा अर्ज घेऊन उभा राहील. समान संधीचे धोरण जाहीर करणे कायद्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. बॉयलरच्या प्रमाणपत्राशेजारी तो कागदही लावलेला असावा.

ह्या लेखाच्या शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या ह्या पत्राची जी आवृत्ती रोज पडद्यावर निघते, तीत पाने चित्ररूपाने असतात. अर्थात ज्यांच्याविषयी आम्ही वर लिहिले, त्यांपैकी दृष्टिहीन वाचकास हा अग्रलेख तेथे वाचता येणार नाही. निदान अग्रलेखाचे पान उद्यापासून युनिकोड मजकुराच्या रूपात द्यावे, असे आम्ही आमच्या तांत्रिक विभागास लेखी कळविले आहे.