भाच्याची गाडी आणि आमची सही



गेल्या महिन्यात आमचा भाचा चाकणहून चार दिवसांच्या सुट्टीवर सोलापूरला आला. आला तो नेहमीप्रमाणे आपल्या यामाहा आर-१५ वर बसून. बुधवार पेठेतली आमची गल्ली काही फार रुंद नाही. गाडी लावली की शेजारच्या आजींना अंग चोरून जावे लागते, पण त्याही जाताना टाकीवरून कौतुकाने हात फिरवतात. चहापाणी झाले, विचारपूस झाली आणि मग भाच्याने सॅकमधून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. जामीनदाराच्या जागी आमचे नाव त्याने पेन्सिलीने आधीच लिहून ठेवले होते.

"मामा, इथं फक्त तुमची सही राहिली बघा."

कर्ज चार लाखांचे. कशासाठी, तर जपानी गाडी धाकट्या भावाला द्यायची आणि आपण युरोपची घ्यायची. इटलीची एप्रिलिया, आरएस ४५७. गाडी रस्त्यावर येईपर्यंत पाचाच्या घरात जाते. वरच्या लाखासाठी ताईच्या पाटल्या. या पाटल्या ताईने विड्या वळून, भिशीचे पैसे साठवून केलेल्या आहेत, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. भाच्यालाही ठाऊक आहे, म्हणूनच ते वाक्य तो खाली बघून बोलला.

आम्ही पडलो कारकून माणूस. कागद समोर आला की हात आपोआप पेनाकडे जातो, पण सहीसाठी नव्हे, आकडेमोडीसाठी. बारा टक्के व्याजाने चार लाख, पाच वर्षे, म्हणजे महिन्याला हप्ता ८,९०० रुपये. पाच वर्षांत व्याजच सुमारे १ लाख ३४ हजार. भाच्याच्या हातात कंत्राटी नोकरीचे बावीस हजार येतात. खोली आणि मेस आठ हजार, ताईला पाठवतो ते पाच हजार, त्यात हा हप्ता मिळवला तर उरतात शंभर रुपये. पेट्रोल आणि विमा आम्ही अजून धरलेलाच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीवरचा जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाडीला ४० टक्के झाला. म्हणजे मूळ किंमत तीन लाख धरली तर ३५० च्या आतल्या गाडीवर ५४ हजार कर आणि वरच्या गाडीवर १ लाख २० हजार. सरकारच्या हिशेबी भाचा आता चैनीच्या रांगेत जाऊन बसणार!

हे सगळे आम्ही त्याला मांडून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामा, तुम्ही आरएक्स घेतली तेव्हा हिशेब केला होता का?"

खरे सांगतो, नव्हता केला. आमच्या घरात वडिलांची सायकल होती. गिरणीच्या भोंग्याला ती बाहेर पडायची आणि पाळी सुटली की परत यायची. ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांच्याकडे लुना आली. पुण्याच्या कायनेटिकची ही ५० सीसीची गाडी १९७२ सालापासूनची. पुढे १९८५ च्या सुमाराला हिरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१०० आल्या आणि 'जपानी इंजिन' हा शब्द आपल्या वस्तीत शिरला. आरएक्स बनायची बंद झाली १९९६ साली. आम्ही ती घेतली २००४ मध्ये, जुनी, दोन हातांतून फिरून आलेली. ९८ सीसी आणि ११ हॉर्सपॉवर, पण रेस पिळली की पुढचे चाक उचलल्यासारखे वाटायचे. तिसऱ्याच आठवड्यात मोहोळच्या अलीकडे वळणावर आम्ही रस्ता सोडून शेतात गेलो. हाताला प्लास्टर पडले. गाडी चांगली होती. चालवणारा नवा होता.

भाच्याच्या पिढीची आरएक्स म्हणजे आर-१५. ती २००८ साली आली. इंजिन पाण्याने थंड होणारे आणि बसायची पद्धत शर्यतीच्या गाडीसारखी. त्याच्या चार वर्षे आधी 'धूम' पडद्यावर आला होता आणि हायाबुसा हे सुझुकीच्या गाडीचे नाव सोलापूरच्या पोरांना पाठ झाले होते. हायाबुसा कुणाला परवडणार? आर-१५ मात्र हप्त्यावर परवडली.

आता गंमत अशी की जपानी म्हणजे खालची पायरी आणि युरोपियन म्हणजे वरची, असे भाच्याच्या मंडळात पक्के ठरलेले आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९५९ साली होंडाचे पथक पहिल्यांदा युरोपात आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरले आणि दोनच वर्षांत, १९६१ ला, तिथे १२५ आणि २५० सीसीच्या शर्यती जिंकून मोकळे झाले. १९६९ ला होंडाने सीबी-७५० काढली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, आणि किंमत नोकरदाराला झेपेल अशी. सुपरबाईक हा शब्द रूढ झाला तो या जपानी गाडीपासून. इंग्लंडच्या नामांकित कंपन्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकामागून एक बसल्या.

इटलीवाल्यांनी आपली तऱ्हा मात्र सोडली नाही. बोलोन्याची डुकाटी इंजिनातल्या व्हॉल्व्हला बंद करायला स्प्रिंग न वापरता वेगळी यांत्रिक रचना वर्षानुवर्षे वापरत आली. कामगिरी उत्तम, पण तिचे काम जाणत्या हातानेच करायचे आणि त्याचे बिलही तसेच. तिच्या पानिगाले व्ही-४ या गाडीची ताकद २०० हॉर्सपॉवरच्या वर आणि किंमत पंचवीस लाखांच्या पुढे. सोलापूरकराने घेतलीच तर सर्व्हिसिंगला पुणे गाठायचे, अडीचशे किलोमीटर. आणि एवढी ताकद घेऊन मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर जायचे म्हटले, तर तिथे दुचाकीला मुळात बंदी आहे. अशा गाडीला नावाची ऐट आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण ऐटीचे सुटे भाग मिळायला हवेत ना? २०१६ साली लुनावाल्या कायनेटिकनेच इटलीची एमव्ही अगुस्ता भारतात आणली होती. शर्यतीच्या जगातले ते मोठे नाव. पण तो कारभार फार वर्षे चालला नाही. ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांनी सुट्या भागांसाठी काय धावपळ केली असेल, याची कल्पनाच करावी.

भाच्याची एप्रिलिया त्या मानाने जवळची. नाव इटलीचे, पण आरएस ४५७ बनते आपल्या बारामतीला, पियाजिओच्या कारखान्यात. डिसेंबर २०२३ मध्ये ती ४ लाख १० हजारांना बाजारात आली. ऑस्ट्रियाच्या केटीएमचेही तसेच. २००७ साली बजाजने तिच्यात भाग घेतला, २०११ पासून चाकणला बनलेली १२५ सीसीची ड्यूक युरोपला जाऊ लागली. आपल्याकडे ती विकायला आली २०१८ साली! नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम कर्जात बुडाली आणि तिला वर काढायला पैसा घातला तो पुन्हा बजाजनेच.

हे आम्ही बोलत होतो तेव्हा भाचा मध्येच म्हणाला, "मामा, मी आठ तास उभा राहून गाड्यांचे पार्टच बनवतो. पेट्या भरून बाहेरदेशी जातात. बनवायच्या आम्ही, आणि चालवायच्या कुणी?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. आपल्या माणसाने चांगल्या वाहनावर बसणे हे अजूनही काहींच्या डोळ्यांत खुपते. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर शस्त्राने वार झाल्याची बातमी आपण वाचली असेल. तेव्हा गाडी म्हणजे पोरांचा नाद एवढेच म्हणून आम्हाला बाजूला होता येत नाही.

पण त्याच वेळी आम्हाला चाळीसगाव आठवले. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडून परतताना तिथे उतरले. वस्तीतल्या लोकांनी मोठ्या प्रेमाने थांबवून घेतले. स्टेशनापासून वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर. टांगेवाले बाबासाहेबांना न्यायला तयार होईनात. पाहुण्याने चालत जावे हे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. दोष टांगेवाल्यांच्या मनातल्या शिवाशिवीचा, यात शंकाच नाही. पण मान राखायला काढलेल्या वाहनावर हाकणारा शिकलेला नव्हता, हेही त्यात आहेच.

भाच्याला आम्ही ही गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत होती, पण गाडीशी जोडून त्याने कधी पाहिली नव्हती. मग आम्ही त्याला युरोपातल्या लायसन्सचे सांगितले. तिथे साधारण सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि १५ हॉर्सपॉवरपर्यंतची गाडी. अठराव्या वर्षी ३५ किलोवॅट, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवरपर्यंत. त्यावर दोन वर्षे काढून परीक्षा दिली तरच पुढची मोठी गाडी, नाहीतर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबा. जपानमध्येही ४०० सीसीच्या वर वेगळे लायसन्स. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचे एकच. स्प्लेंडरवर आठ काढला की पानिगाले चालवायला मोकळे!

भाचा हसला आणि मग थोडा गप्प झाला. कारण आरएस ४५७ ची ताकद बरोबर त्या मधल्या पायरीच्या मापाची आहे. तो जिला सुपरबाईक म्हणतो, ती युरोपच्या हिशेबाने शिकाऊ आणि पक्का यांच्या मधली गाडी. पण मधली झाली म्हणून लहान नव्हे. त्याच्या आर-१५ ला १८ हॉर्सपॉवर आहे, हिची ताकद अडीचपट. भिजलेल्या रस्त्यावर, समोर ऊसाची ट्रॉली आडवी आली की हा अडीचपट काय करतो, ते शोरूमवाला सांगत नाही.

शेवटी आम्ही असे बोललो. ताईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही. कंत्राटाची नोकरी कायम होईपर्यंत चार लाखांचे कर्ज नाही. तोवर दरमहा पाच हजार त्याच पतसंस्थेत आवर्त ठेवीत टाकायचे. हप्ता झेपतो का, ते तेवढ्यात कळेल. त्याच्या मित्राकडे तीनशे सीसीची गाडी आहे, तिच्यावर पावसाळा काढायचा. आणि मोठी गाडी चालवायची शास्त्रशुद्ध शिकवणी कुठे मिळते ते बघायचे. चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर असे वर्ग होतात. त्याची फी आम्ही भरू. फी ऐकून आमच्या घरातून एक कटाक्ष आला, तो वेगळा विषय आहे.

"म्हणजे सही नाही," भाचा म्हणाला.

"आज नाही," आम्ही म्हणालो. अर्ज त्याने परत मागितला नाही आणि आम्ही फाडला नाही. तो आमच्या फाइलीत आहे. नोकरी कायम झाली की त्यावरचे पेन्सिलीचे नाव आम्हीच शाईने गिरवू, असा शब्द दिला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चाकणला निघाला. ताई दारात उभी होती. कर्ज, हप्ता, हॉर्सपॉवर यातले तिने काही विचारले नाही. एवढेच विचारले, "दादा, त्या नव्या गाडीवर माझ्यासारखीला मागं बसता येतं का रे?"

"येतं की," आम्ही म्हणालो, "पण चढायला स्टूल लागेल."