कुतूहल : सिगारेट ओढली तर हरीण पळतं का?

या वेळचा प्रश्न पेनसिल्व्हेनियातून आलाय. आपल्याच बेळगावकडचा मुलगा, दोन वर्षांपासून तिकडे नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातला एक जण दर वर्षी हरणाच्या शिकारीला जातो. झाडाला बांधलेल्या मचाणावर बसून तो खुशाल सिगारेटी ओढतो आणि तरी त्याला हरीण मिळतं. दुसरा सहकारी म्हणतो, तंबाखूचा वास आला की हरीण त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. दोघांचा वाद जेवणाच्या टेबलावर रोज चालतो. यंदा थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होईल तेव्हा दोघेही याला सोबत न्यायला बसलेत. ‘काका, बरोबर कोण?’ असं त्याने विचारलंय.

शिकार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, म्हणून आधी दोन वाक्यं. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. पेनसिल्व्हेनियात लांडगा आणि पुमा केव्हाच नामशेष झाले, हरणं मात्र इतकी वाढली की जंगलातली कोवळी रोपं उरेनात. तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत शिकार होते आणि ते मांस घरात वर्षभर खाल्लं जातं.

आता नाकाकडे येऊ. तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण असो की आपल्या खानापूरच्या जंगलातलं भेकर, त्याचं जग आधी वासाचं असतं. डोळ्यांना दिसण्याच्या किंवा कानांना ऐकू येण्याच्या कितीतरी आधी नाक खबर देतं. ओलसर नाकपुड्यांवर वासाचे कण चिकटतात, आत वास ओळखणाऱ्या पेशींचा मोठा पसारा असतो. अशा नाकाला सिगारेटचा धूर येणार नाही हे शक्यच नाही. येतोच.

पण मग माणसाचा येत नाही का? गोम इथे आहे. सिगारेट न ओढणारा माणूससुद्धा मचाणावर बसला की वासाचं एक धुराडंच असतो. घाम, श्वास, अंगावरून सतत झडणारे कातडीचे सूक्ष्म कण, साबण, बुटांना लागलेलं पेट्रोल, सकाळी खाल्लेलं ऑम्लेट, हे सगळं वाऱ्यावर स्वार होऊन निघतं. धूर त्याच वाऱ्यावर, त्याच दिशेने जातो. म्हणजे ज्या हरणापर्यंत धूर पोचला त्याच्यापर्यंत माणूसही पोचलेलाच असतो. आणि वारा हरणाकडून माणसाकडे येत असेल, तर माणूसही पोचत नाही आणि धूरही नाही. मला विचाराल तर त्या वादाचा निम्मा निकाल इथेच लागतो.

अमेरिकेत अंगाचा वास शोषून घेणारे म्हणून खास कपडे विकतात, चांगले महागडे. त्यांच्या जाहिरातींवरून काही शिकारी कोर्टातही गेले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे कपडे घातलेली आणि न घातलेली माणसं लपवली आणि शोधकुत्री सोडली. कुत्र्यांनी जवळजवळ सगळ्यांना हुडकून काढलं. कपड्यांनी काही फरक पडला नाही. कुत्र्याचं नाक वेगळं, हरणाचं वेगळं, हे मान्य. तरी अंदाज यायला एवढं पुरे.

वारा ही मात्र भारी लबाड गोष्ट आहे. पान हलत नाही म्हणजे हवा थांबली असं नसतं. सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापते आणि डोंगर चढू लागते. सूर्य कलला की तीच हवा गार होऊन खाली घरंगळते आणि ओढ्याच्या घळीत जाऊन साचते. त्यामुळे सकाळी उत्तम असलेली जागा संध्याकाळी कुचकामी ठरते. मुरलेले शिकारी हे ओळखायला खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात, किंवा मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या बोंडातला रेशमी कापूस. एकेक तंतू सोडायचा आणि तो कुठे तरंगत जातो ते बघायचं. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. लहानपणी ज्या ‘म्हातारी’मागे आपण धावलो, तिचीच ती अमेरिकन चुलत बहीण! सिगारेटचा धूर पहिल्या हातभर अंतरात हेच काम करतो, एवढं त्या ओढणाऱ्या सहकाऱ्याच्या बाजूने बोलायला हवं.

‘मला तर माझ्या कपड्यांना वास येत नाही’ असं तो म्हणत असेल, तर त्याला निपाणीला आणा. आपल्यापैकी ज्यांचं आजोळ तिकडे आहे त्यांना ठाऊक आहे: एसटीतून उतरलं की वखारींतल्या तंबाखूचा वास नाकात शिरतो, पोरं शिंकतात. दोन दिवसांनी तोच वास जाणवेनासा होतो. वास तिथेच असतो, आपलं नाक सरावलेलं असतं. रोज ओढणाऱ्याची गत अशीच, त्यात धूम्रपानाने नाकही मंदावतं. हरीण त्याच्या नाकाने वास घेत नाही ना!

उलट बाजूला एक मुद्दा आहे. वासाने घाबरणं हे सवयीवरही असतं. जिथे घरांच्या मागच्या अंगणापर्यंत हरणं चरायला येतात, जिथे माणसं रोज सिगारेट ओढत, कुत्रा फिरवत हिंडतात, तिथे त्या वासाचा अर्थ ‘बंदूक’ असा नसतो. दूरच्या डोंगरात जे हरीण वर्षभर माणसाच्या वाऱ्याला उभं राहत नाही, त्याला मात्र कुठलाही परका वास पुरतो. त्यामुळे दोन सहकाऱ्यांचे अनुभव वेगळे असतील तर ते दोघं खोटं बोलतात असं नाही. जागा वेगळ्या असतील.

पण ‘मी ओढतो आणि मला हरीण मिळतं’ या वाक्यात मोठी भानगड आहे. हा माणूस मोजतो ती त्याला दिसलेली हरणं. ज्याला वास लागला आणि जे दोनशे पावलांवरूनच मान न उचलता दुसऱ्या वाटेने निघून गेलं, ते हिशेबात येणार कसं? पेनसिल्व्हेनियात हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांच्यावर नजर ठेवली गेली. त्यातली एक मादी शिकारीचा हंगाम सुरू झाला की अशा खड्या उतारावर जाऊन बसायची, जिथे चढायला माणसाला फेस यावा. खाली बसलेल्यांना ती तिथे आहे याचा पत्ताच नसायचा. खरं उत्तर हवं असेल तर एकाच माणसाने, एकाच जागी, रोज सकाळी नाणं उडवून ओढायचं की नाही ते ठरवायला हवं, तेही कित्येक हंगाम. रजा टाकून आलेला माणूस हे करणार नाही. आपल्या घरातले ‘चाळीस वर्षं ओढतोय, काही झालं नाही’ म्हणणारे काका आठवले असतील तर बरोबरच आठवले. तिथेही ज्यांना झालं ते हे वाक्य बोलायला उरलेले नसतात.

वास सोडला तर उरतं ते हालचालीचं. खिसा चाचपणं, लायटरची ज्योत, तोंडाशी जाणारा हात, आणि जुन्या ओढणाऱ्याचा खोकला. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट ओळखू येत नाहीत, म्हणून तर तिथे शिकाऱ्यांनी भडक नारिंगी घालावं असा नियम करता येतो. पण हललेला हात त्याला लगेच दिसतो. गंमत अशी की पक्क्या ओढणाऱ्याला सिगारेट नाकारली तर तो जास्तच चुळबुळतो आणि तासाभरात खाली उतरतो. त्याच्यापुरतं, न ओढण्याने नुकसानच व्हायचं!

आपल्या भीमगड-दांडेलीकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना वाऱ्याचं हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. सिगारेटचा प्रश्न तिथे नाहीच, कारण उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात पडलेलं एक थोटूक डोंगर पेटवायला पुरतं.

तर बाळा, जायचंच असेल तर नारिंगी जाकीट आधी घाल. मित्राने सिगारेट पेटवली तर वाद घालू नकोस, धूर कुठे जातो ते बघ. समोरच्या झाडीकडे निघाला असेल तर दोघांनी गुपचूप जागा बदला.