बाळाला सूट नको, झबलं हवं

साखळीत मे महिन्यात किती घाम येतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक. तरी तान्ह्या मुलग्याला बाप्तिस्म्याला कोट, जाकीट, बो घालून आणतात! फादर छातीला तेल लावायला पुढे येतात आणि धर्ममाता बटणं सोडवत बसते. बाळ रडून लाल. शुभ्र वस्त्राची पाळी आली की सुटावर रुमालाएवढं कापड ठेवायचं, झालं! अहो, या संस्काराचं वस्त्र तेच. पाण्यानंतर ते अंगावर चढायला हवं; ख्रिस्ताला परिधान करणं म्हणजे काय, ते गलतीकरांस 3:27 मध्ये वाचा. कपड्यांसाठी पैसे जमेनात म्हणून बाप्तिस्मा पुढे ढकललेली घरंही मी पाहिली आहेत. त्यांना काय सांगायचं? घरातल्याच मऊ पांढऱ्या सुती कापडाचं झबलं शिवा, पुढून नाडीनं उघडणारं. बटणं नकोतच.