अलौकिक शक्ती आणि लौकिक क्रौर्य

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तके हटविण्याची मोहीम गेली काही वर्षे चालू आहे. तिची नोंद ठेवणाऱ्या ‘पेन अमेरिका’ या लेखकांच्या संघटनेने २०२५ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात बंदीचे सर्वाधिक आघात स्टीफन किंग या लेखकावर झाले. त्यांच्या पुस्तकांवरील बंदीच्या २०६ घटना या अहवालात नमूद आहेत, आणि बहुतेक बंदीहुकूम फ्लॉरिडा, टेक्सास व टेनेसी या तीन राज्यांतील आहेत. बंदी आलेल्या पुस्तकांत ‘कॅरी’ ही कादंबरीही आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेली ही किंग यांची पहिली प्रकाशित कादंबरी. अर्ध्या शतकापूर्वीचे, चित्रपटामुळे जगभर परिचित झालेले हे पुस्तक आजही शाळेच्या चालकांना अस्वस्थ करते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण ‘कॅरी’ ही वरकरणी भयकथा असली, तरी वस्तुतः ती एका शाळेची कथा आहे.

कथानक थोडक्यात असे. मेन राज्यातील चेंबरलेन या काल्पनिक गावात कॅरी व्हाइट नावाची सोळा वर्षांची मुलगी राहते. आई धर्मवेडी, देहाविषयीचा प्रत्येक विचार तिच्या लेखी पाप. त्यामुळे मुलीला ऋतुप्राप्ती म्हणजे काय हेसुद्धा सांगितलेले नाही. शाळेत, व्यायामाच्या तासानंतर, सामुदायिक स्नानगृहात तिला प्रथम रजोदर्शन होते आणि आपण रक्तस्रावाने मरणार या समजुतीने ती किंचाळू लागते. वर्गातील मुली तिला सावरत नाहीत. तिच्या अंगावर सॅनिटरी नॅपकिन फेकून तिची कुचेष्टा करतात. त्याच सुमारास, केवळ इच्छेच्या बळावर वस्तू हलविण्याची शक्ती आपल्यात आहे याची जाणीव कॅरीला होते. पुढे वर्षाखेरीच्या नृत्यसमारंभात, ती आयुष्यात प्रथमच आनंदात असताना, तिच्या डोक्यावर डुकराच्या रक्ताची बादली ओतली जाते. सभागृह हसते. आणि मग ती शक्ती सभागृहाचा, गावाचा, आईचा आणि शेवटी स्वतः कॅरीचाही घास घेते. मृतांची संख्या चारशेच्या वर जाते.

१९७६ साली ब्रायन डी पामा यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात कॅरीची व तिच्या आईची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक आणि पायपर लॉरी या दोघींनाही ऑस्करसाठी नामांकन मिळाले. तेव्हापासून लोकांच्या स्मरणात राहिली ती रक्ताने न्हालेली, डोळे विस्फारलेली सूडदेवता. लोकप्रियतेची ही किंमत असते. प्रतिमा उरते आणि तिच्यामागचा कार्यकारणभाव पुसला जातो. तो कार्यकारणभाव पुन्हा उलगडून पाहिला, तर असे दिसते की या कथेतील भय अलौकिक शक्तीत नाही. ते अगदी लौकिक, रोजच्या पाहण्यातल्या गोष्टींत आहे.

किंग तेव्हा मेनमधील हॅम्पडन येथे शाळेत इंग्रजी शिकवीत होते. कथेची पहिली पाने त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. पत्नी टॅबिथा यांनी ती बाहेर काढून वाचली आणि पुढे लिहिण्याचा आग्रह धरला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाची हकीकत त्यांनी २०००च्या आपल्या लेखनविषयक आत्मपर पुस्तकात सांगितली आहे. कॅरीचे पात्र त्यांनी आपल्या शाळेतील दोन मुलींवरून घडविले. त्यांपैकी एक मुलगी दीड वर्ष रोज तेच कपडे घालून शाळेत येई आणि त्यावरून सर्वांच्या थट्टेचा विषय होई. नाताळच्या सुटीनंतर ती नवे कपडे घालून, केशरचना बदलून, आशेने वर्गात आली. थट्टा थांबली नाही, उलट वाढली. सर्वांनी मिळून ठरवून दिलेल्या जागेतून बाहेर पडण्याचा तिने प्रयत्न केला, हाच तिचा अपराध ठरला. किंग ‘कॅरी’ लिहायला बसले तेव्हा या दोन्ही मुली हयात नव्हत्या. एकीने आत्महत्या केली होती, दुसरी अपस्माराच्या झटक्यात गेली होती. त्या दोघींजवळ कोणतीही अलौकिक शक्ती नव्हती. त्यांच्यामुळे कोणतेही गाव जळाले नाही, आणि म्हणूनच त्यांची चौकशीही कोणी केली नाही.

कादंबरीतील शाळा क्रूर माणसांनी भरलेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्नानगृहातील प्रसंगी व्यायामशिक्षिका कॅरीला प्रथम चापट मारते. तिला स्वतःलाही त्या मुलीची किळस आलेली असते. पण लगेच तिला आपली चूक उमगते आणि ती कॅरीची बाजू घेते. अपराधी मुलींना शाळा सुटल्यावर थांबण्याची शिक्षा होते. ती नाकारणाऱ्या मुलीला समारंभास मज्जाव होतो. त्या मुलीचे वकील वडील दमदाटी करण्यास येतात, तेव्हा मुख्याध्यापक नमत नाहीत. म्हणजे नियमांच्या दृष्टीने शाळा बरीचशी योग्य वागते. तरीही जे घडायला हवे ते घडत नाहीच. कार्यालयात समोर बसलेल्या त्या मुलीचे नावसुद्धा उपमुख्याध्यापकाला धड घेता येत नाही. तिच्या घरी काय चालते याची कुजबुज सर्वांना ठाऊक आहे. पण त्या घरात पाऊल टाकून पाहणारा कोणी नाही. अपराध्यांना शिक्षा झाली आणि प्रकरण मिटले, असे शाळा मानते. ज्या मुलीवर अन्याय झाला, तिच्या आयुष्यात मात्र काहीच बदललेले नसते. तिच्या शत्रूंत एका अपमानित शत्रूची भर पडली, एवढेच.

सू स्नेल या वर्गभगिनीला पश्चात्ताप होतो आणि ती आपल्या मित्राला कॅरीसह समारंभास जाण्याची गळ घालते. हेतू निर्मळ, परिणाम भयंकर. व्यक्तीने गुपचूप केलेले प्रायश्चित्त समूहाच्या अपराधाला पुरे पडत नाही, असा याचा अर्थ आहे. सूने कॅरीशी मोकळेपणाने बोलून क्षमा मागितली नाही. वर्गासमोर उभे राहून झाले ते चूक होते असेही म्हटले नाही. तिने एक देणगी दिली. समाज असाच वागतो. न्याय मागणाऱ्याला दान देऊन मोकळा होतो.

कादंबरीच्या रचनेतच या गोष्टीवरील मर्मभेदी टीका आहे. किंग यांनी सरळ कथनाच्या जोडीला चौकशी आयोगाचा अहवाल, संशोधकांचे लेख, वृत्तपत्रांतील बातम्या, आठवणी अशी कल्पित कागदपत्रे योजिली आहेत. दुर्घटनेनंतर शास्त्रज्ञांना कुतूहल आहे ते शक्तीचे. ती आनुवंशिक आहे काय, अशी मुले आधी ओळखता येतील काय, हे त्यांचे प्रश्न. साक्षीपुरावे होतात, खंड लिहिले जातात आणि अशा घटनेची पुनरावृत्ती संभवत नाही असा निर्वाळा दिला जातो. कादंबरी मात्र तेथे संपत नाही. ती संपते टेनेसीतील एका अल्पशिक्षित बाईच्या पत्राने. आपल्या लहानग्या मुलीला वस्तू हलविता येतात, हे ती बहिणीला कौतुकाने कळवीत असते. सरकारी निष्कर्षाची ही थट्टा आहे. परंतु ती पोकळ थट्टा नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधलेच नाही, तो सुटला असे जाहीर करण्याची सवय कोणत्याही देशातील आयोगांना नवी नाही.

तो प्रश्न नेमका त्याच काळात अन्यत्र गंभीरपणे विचारला जात होता. ‘कॅरी’च्या आदल्याच वर्षी, १९७३ साली, डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांचे शाळकरी मुलांतील छळावरील पुस्तक स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाले. वारंवारता, इजा करण्याचा हेतू आणि बळाची विषमता हे तीन निकष लावून त्यांनी छळ आणि साधे भांडण यांत भेद केला. पुढे १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असे दिसून आले. तेव्हा नॉर्वे सरकारने १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गेन येथील ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार मुलांची पाहणी ओल्वेउस यांनी अडीच वर्षे केली, तेव्हा छळाचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटल्याचे त्यांना आढळले. इतरत्र हाच प्रयोग केल्यावर सर्वत्र एवढे यश आले नाही, हेही खरे. तथापि त्यामागची दृष्टी मोलाची आहे. केवळ अपराध्याला शिक्षा न करता वर्गाचे नियम मुलांसह ठरवावेत, वर्गसभा घ्याव्यात, मधल्या सुटीत शिक्षकांनी लक्ष ठेवावे, दोन्हीकडच्या पालकांशी बोलावे. चेंबरलेनच्या शाळेत यातले काहीच झाले नव्हते.

फिनलंडमधील संशोधिका क्रिस्तिना साल्मिवाली यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात याच्या पुढचे पाऊल टाकले. छळ हा दोन मुलांमधला व्यवहार नसून संपूर्ण वर्गाचा व्यवहार आहे, असे त्यांनी दाखविले. कोणी छळणाऱ्याला हातभार लावतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी पाहून न पाहिल्यासारखे करतो आणि थोडे जण पीडिताच्या बाजूने उभे राहतात. याच विचारावर आधारलेला कार्यक्रम फिनलंडने २००९ पासून देशभर राबविला. बादली ओतणारे हात दोन-चारच असतात. समारंभाच्या सभागृहातील हशा मात्र शेकडोंचा असतो, आणि त्या शेकडोंत कॅरीविषयी द्वेष नसलेलेही पुष्कळ असतात.

आता बंदीच्या समर्थकांकडे वळले पाहिजे. किंग यांच्यासारख्या लेखकांच्या पुस्तकांतील हिंसा, भाषा व देहविषयक उल्लेख कोवळ्या वयास मानवणार नाहीत, असे ते म्हणतात. याहून गंभीर आक्षेप असा घेता येईल की, अशी कथा छळल्या गेलेल्या मुलाला सूडाचे स्वप्न दाखविते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खुद्द किंग यांनी तो नेलेला नाही. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाविषयी त्यांनी टोपणनावाने लिहिलेली ‘रेज’ ही १९७७ सालची कादंबरी होती. १९९७ च्या डिसेंबरात केंटकीतील एका शाळेत झालेल्या गोळीबारातील आरोपीजवळ तिची प्रत होती असे कळल्यावर त्यांनी आपण होऊन ती बाजारातून काढून घेतली. त्यासाठी त्यांना कोणा शाळामंडळाच्या हुकमाची गरज पडली नाही. ‘कॅरी’ मात्र त्यांनी मागे घेतली नाही. या दोन कृतींत विसंगती नाही. बंदूक हे कोणाच्याही हाती येऊ शकणारे साधन आहे, इच्छाशक्तीने इमारत जाळण्याची विद्या नव्हे. ‘कॅरी’तील शक्ती हे रूपक आहे. आतल्या आत कोंडलेल्या संतापाला लेखकाने दिलेले ते दृश्य रूप आहे.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने व शिक्षण खात्याने मिळून २००२ साली शालेय हल्ल्यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना व ४१ हल्लेखोर यांचा तो अभ्यास होता. हल्लेखोरांपैकी ७१ टक्क्यांना पूर्वी आपला छळ वा जाच झाल्याचे वाटत होते. पण त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. ८१ टक्के घटनांत हल्ल्याच्या विचाराची कल्पना निदान एका तरी व्यक्तीला आधी होती. ही व्यक्ती बहुधा समवयस्क असे, आणि मोठ्यांच्या कानांपर्यंत ती गोष्ट क्वचितच पोहोचे. मौनाचा हा रोग पुस्तके काढून टाकल्याने बरा होणारा नाही.

अर्थात या आकड्यांचा विपरीत अर्थही काढता येईल, आणि तो काढला गेला आहे. १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर, छळल्या गेलेल्या एकलकोंड्या मुलांनी घेतलेला सूड अशी त्याची सोपी कथा सर्वत्र पसरली. पुढच्या तपशिलांतून ती अपुरी ठरली. हल्लेखोराचा कोणताही ठरावीक नमुना नसतो, असे २००२ चा अहवालही बजावतो. प्रत्येक गप्प मुलात भावी मारेकरी पाहणे हा पीडितावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. छळ सोसणारी बहुसंख्य मुले कोणालाही इजा करीत नाहीत. ती अभ्यासात मागे पडतात, शाळा सोडतात, स्वतःलाच दोष देतात. क्वचित स्वतःचा जीव घेतात. समाजाने त्यांच्याकडे लक्ष द्यावे ते त्यांच्या भीतीपोटी नव्हे, तर त्यांचा तो हक्क आहे म्हणून.

कादंबरी परदेशातील असली, तरी तिचा आरंभ ज्या अज्ञानातून होतो ते भारतीय वाचकाला परके नाही. भारतातील किशोरींविषयीच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या पाळीपूर्वी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण निम्म्याच्या आसपास भरले. उरलेल्या निम्म्या मुलींच्या वाट्याला कॅरीचा तो पहिला भयक्षण, कमीअधिक प्रमाणात, येतो. त्या वेळी शेजारच्या बाकावरची मुलगी हसते की आपली ओढणी पुढे करते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ मध्ये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु मुलांनी मुलांचा केलेला छळ हा आपल्याकडे अजूनही ‘चिडवाचिडवी’ या निरागस शब्दाखाली झाकला जातो. जात, वर्ण, व्यंग, बोली, गरिबी यांवरून रोज होणारी अवहेलना ज्या शब्दात मावते, तो शब्द निरागस नव्हे.

पुस्तके निवडण्याचा शाळेचा अधिकार कोणी नाकारणार नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘कॅरी’ देण्याचा आग्रहही कोणी धरू नये. पण सोळाव्या वर्षी जे मुलांना स्नानगृहात, मधल्या सुटीत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर सोसावे लागते, ते छापील पानावर मात्र त्यांनी वाचू नये, हा न्याय अजब आहे. कपाटातून पुस्तक काढून टाकणे एका आदेशाने साधते. वर्गात कोण एकटे बसते, कोणाच्या नावावर हशा पिकतो, कोणाचे नाव आपल्याला आठवत नाही, हे पाहण्यासाठी रोज वर्गात डोळे उघडे ठेवावे लागतात. हे काम कोणत्याही आयोगाचे नाही. ते शिक्षकांचे आहे, पालकांचे आहे आणि हसू दाबून धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचेही आहे.