यकृताची वाढ : एक शहाणी, एक बेभान

कावीळ झाली की आधी झाडपाल्याचे औषध आणि मग डॉक्टर, हा क्रम उरण-अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याला नवा नाही. याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि घरातील समजुती यांच्यातले हे अंतर यकृताच्या बाबतीत फार महागात पडते.

यकृत हा विलक्षण अवयव आहे. प्रयोगातील उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापला तरी उरलेला भाग आठ-दहा दिवसांत वाढून मूळ वजनाच्या जवळ पोहोचतो, हे हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये दाखवले. जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा रोग्याला देता येतो, तो याच गुणामुळे.

कर्करोगाच्या पेशीही झपाट्याने वाढतात. मग फरक काय? एक फरक इंधनात आहे. पुन्हा वाढणारे यकृत मुख्यतः चरबी जाळते. पेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने हे काम करतात. कर्करोगाच्या पेशी मात्र प्राणवायू असतानाही साखर अर्धवटच मोडून तिचे लॅक्टिक आम्ल करतात. जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकात दाखवले. साखरेच्या एका रेणूपासून पूर्ण ज्वलनात ऊर्जेची सुमारे तीस नाणी मिळतात, या मार्गाने फक्त दोन. व्यवहार तोट्याचा वाटतो. पण अर्धवट मोडलेल्या साखरेतून नव्या पेशींचा कच्चा माल मिळतो.

निरोगी यकृतातील ग्लुकोकायनेज हे विकर रक्तात साखर भरपूर असतानाच जोमाने काम करते. कर्करोगात त्याची जागा बहुधा हेक्झोकायनेज-२ घेते आणि ते थोडी साखरही सोडत नाही. शिवाय निरोगी यकृत पुरेसे झाले की वाढ थांबवते. कर्करोगाला ‘पुरे’ हा शब्दच ठाऊक नसतो.

यावरून ‘साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरेल’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. आहारात साखर नसली तरी शरीर ती स्वतः तयार करते. उपाशी राहतो तो रोगी, आणि यकृताच्या रोग्याला तर पोषणाची अधिकच गरज असते.

खरा धोका वेगळा आहे. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा आधीच सिरोसिसने कठीण झालेल्या यकृतात होतो. अशा यकृताची पुन्हा वाढण्याची ताकद खचलेली असते. म्हणून गाठ लहान असूनही शल्यविशारदाचा हात थबकतो. सिरोसिसची मोठी कारणे म्हणजे हेपटायटिस बी व सी, दारू आणि यकृतात साठणारी चरबी. ही सारी बऱ्याच अंशी टाळता किंवा आटोक्यात आणता येतात.

हेपटायटिस बीची लस २०११ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे; पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांत द्यायची असते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत तपासणी आणि औषधेही मिळतात. योजना कागदावर आहेत. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचल्या की नाहीत, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवे. आणि घरात बाळ जन्मले की बारशाच्या तयारीआधी एक प्रश्न घरच्यांनीही विचारावा : लस टोचली का?